लाउटरब्रुनेन-ग्रिंडेलवाल्ड : एका दिवसात गोंडोला आणि पायी भटकंती कशी बसवावी?

मृण्मयी_के
नमस्कार मंडळी. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही स्वित्झर्लंडला निघालोय, आई-बाबा, आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा लेक. मुक्काम इंटरलाकेनला. त्यातला एक अख्खा दिवस लाउटरब्रुनेन-ग्रिंडेलवाल्डसाठी राखून ठेवलाय. ट्रॅव्हलवाल्याने त्या दिवशी युंगफ्राउयोख करा म्हणून सांगितलंय, म्हणजे ते ३४५४ मीटरवरचं रेल्वे स्टेशन. पण तिकडे जाऊन आलेल्या सगळ्यांचे फोटो बर्फात उभं राहून झेंडा धरलेले, आणि मला मनापासून वाटतंय की डोंगरात गेलोच आहोत तर डोंगरात चालावं.
तर गोंडोलाने वर, मग पायी, आणि परत गोंडोलाने खाली असा दिवस बसतो का? बाबा रोज तासभर चालतात पण उतारावर गुडघा धरतो. आईला लटकत्या डब्याची धास्ती आहे. आणि युंगफ्राउयोख सोडलं तर नंतर हळहळ वाटेल का?

रानवारा
अजिबात वाटणार नाही. मी झुरिकला राहतो, पाहुणे आले की त्यांना तिकडेच घेऊन जातो.
आधी त्या दरीचा आकार डोक्यात बसवा, मग बाकीचं आपोआप सुचतं. लाउटरब्रुनेन ही हिमनदीने कोरलेली दरी, तळ सपाट आणि दोन्ही अंगांना सरळसोट कडे. गाव साधारण ८०० मीटरवर. गावाच्या डोक्यावरच श्टाउबबाख धबधबा २९७ मीटर कोसळतो. कडा संपला की वर एकदम मोकळी कुरणं, आणि त्यावर वेंगेन (१२७४ मी) आणि म्युरेन (१६३८ मी) ही बिनगाड्यांची गावं. आपल्या गडांसारखं समजा, खाली ताशीव कडा, वर माची, आणि माचीच्या मागे बालेकिल्ला म्हणून आयगर, म्योंख, युंगफ्राउ उभे. गोंडोला तुम्हाला कडा पार करून माचीवर सोडते. चालायची मजा माचीवरच आहे आणि तिथे चढ-उतार बेताचा.
माझा नेहमीचा दिवस: सकाळी लाउटरब्रुनेनहून दात्यांच्या रेल्वेने वेंगेन, तिथून केबलकारने मॅन्लिखेन (२२२५ मी). तिथून क्लाइने शायडेगपर्यंत पॅनोरमा वाट, साडेचार किलोमीटरच्या आसपास, रमतगमत दीड-दोन तास. शायडेग २०६१ मीटरवर, म्हणजे सगळ्या वाटेत उतार दीडशे-पावणेदोनशे मीटरचा, तोही पसरलेला. बाबांच्या गुडघ्याला जमेल. आणि दिशा हीच ठेवा, मॅन्लिखेनहून शायडेगकडे. म्हणजे तिन्ही शिखरं सगळा वेळ समोर राहतात, उलट गेलात तर पाठीवर.

चकलीताई
रानवारा यांना पूर्ण अनुमोदन. त्या वाटेवर एका वळणावर आयगरची उत्तर भिंत अशी समोर येते की बोलणं थांबतं.
मुलगा नऊ वर्षांचा म्हणजे मॅन्लिखेनला वर उतरल्या उतरल्या लाकडाची भलीमोठी गाय आहे, आतून चढायचं आणि घसरगुंडीने बाहेर यायचं. तिथून मूल निघत नाही, अर्धा तास जास्तीचा धरा.

गडवेडा_संदीप
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. डब्यात बसून वर जायचं आणि वर जवळजवळ सपाटीला दीड तास चालायचं याला मी डोंगर चढणं म्हणणार नाही. वेंगेनहून मॅन्लिखेनला पायवाट आहे की, साडेनऊशे मीटरची उभी चढाई. घाम गाळून वर आलं की समोरचा डोंगर वेगळा दिसतो, पाय दुखल्याशिवाय ती उंची अंगात उतरत नाही. आणि या दोरांनी डोंगराचं रूप पण बदलतं, जिकडे बघावं तिकडे खांब. नवरा-बायको धडधाकट असतील तर त्यांनी तरी पायी चढावं, आई-बाबा आणि मुलाने डब्यातून यावं, वर भेटावं.

मीनल_नाशिक
संदीप, तुमचं म्हणणं कळतं पण मला पटत नाही. माझ्या सासऱ्यांनी तरुणपणी हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग सगळं पायी केलेलं. नंतर कंबरेचं ऑपरेशन झालं आणि डोंगर बंद झाले ते झालेच. त्यांना आम्ही त्या पॅनोरमा वाटेवर नेलं. काठी टेकत टेकत, प्रत्येक बाकावर बसत बसत चालले. एका बाकावर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि गवतावर पाय टेकवून कितीतरी वेळ आयगरकडे बघत बसले, मधेच बोट करून मला दाखवत होते की बघ तो काळा पट्टा, तिथून दोर लावायला लागेल. म्हणजे मनाने माणूस चढतच होता! त्या गोंडोलाशिवाय हे झालं नसतं. म्हणून मला त्या खांबांचा राग येत नाही.

सुगरण_रेवती
मीनल :)
एक विचारते, खायचं काय? शाकाहारी आहोत.

रानवारा
शायडेगला आणि मॅन्लिखेनला दोन्हीकडे रेस्टॉरंट आहेत. रोश्टी म्हणजे किसलेल्या बटाट्याचा खरपूस थापलेला प्रकार, वर चीज किंवा अंडं, शाकाहारी लोकांचं पोट त्यावर छान भरतं, पण मागवताना बेकन नको असं सांगा, बऱ्याच ठिकाणी घालतात. नाहीतर खाली गावात दुकानातून पाव, चीज, फळं घ्या आणि वाटेवर बाकावर बसून खा, तिथली बरीच माणसं तेच करतात.
पाणी विकत घेऊ नका. गावागावात कोरलेल्या ओंडक्याचे नाहीतर दगडी हौद असतात आणि त्यात झऱ्याची धार पडत असते, पाटी लावून मनाई केलेली नसेल तर ते पिण्याचं पाणी. बाटली भरून घ्यायची.

काकडे_काका
घरून नेणाऱ्यांसाठी: दशम्या, धपाटे, मेतकूट, चिवडा, शेंगदाण्याची चटणी बिनधास्त न्या. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून न्यायला बंदी आहे, त्यामुळे पेढे, खवा, तुपाचा डबा घरीच ठेवा. आणि धपाटे मॅन्लिखेनच्या बाकावर खा, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

दोरवाला
मी रोपवेच्या कामात आहे, म्हणून मृण्मयी यांच्या आईंच्या धास्तीबद्दल सविस्तर लिहितो.
त्या एका दिवसात तीन वेगळ्या जातीच्या दोरगाड्या भेटतील. वेंगेन-मॅन्लिखेन म्हणजे दोन मोठे डबे, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, वेळापत्रकाने सुटतो, बरीच माणसं उभ्याने जातात. पाच-सहा मिनिटांत वर. त्याच्या टपावर उघडा सज्जा आहे, जादा पैसे देऊन तिथे उभं राहता येतं, आईंना तो नको पण मुलाला आवडेल. दुसरी ग्रिंडेलवाल्डहून मॅन्लिखेनला जाणारी गोंडोला, २०१९ च्या डिसेंबरपासून नवीन, दहा जणांचे डबे, १९ मिनिटं. इथे एकच दोर डबा पेलतो आणि तोच ओढतो. तिसरी आयगर एक्सप्रेस, डिसेंबर २०२० ला सुरू झाली, ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल ते आयगरग्लेचर १५ मिनिटं, २६ आसनांचा डबा. हिला तीन दोर. दोन जाड दोर जागेवर ताणलेले असतात, त्यावर डब्याची चाकं चालतात, तिसरा दोर ओढतो. म्हणून वाऱ्यात ती खूप कमी हलते आणि खांबही थोडे लागतात, संदीप यांच्या मुद्द्यालाही हे थोडं उत्तर आहे.
आईंना सांगा, स्टेशनात डबा फिरत्या दोरावरून सुटतो आणि अगदी चालीच्या वेगाने सरकतो, तेव्हा चढायचं. घाबरून उडी मारायची नाही, एक पाऊल आत, मग दुसरं, आणि लगेच बसायचं. कर्मचाऱ्याला आधी खूण केली तर वेग आणखी कमी करतात. खांबावरून जाताना खडखड होऊन जरासा हिसका बसतो, तो दर खांबाला बसणारच. आधी सांगून ठेवलं की माणूस घाबरत नाही. आणि तोंड डोंगराकडे करून बसवा, दरीकडे नको.

मृण्मयी_के
दोरवाला, खूप खूप आभार! हे मी आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली हिसका आधी कळला हे बरं झालं.

गोव्याची_पोर
आम्ही गुलमर्गची गोंडोला केलीय, तिथे दुसऱ्या टप्प्याला चार हजार मीटरच्या आसपास नेतात आणि वर चालायला फार वाव नाही, बर्फ बघायचा आणि परत. आल्प्समध्ये वर गेल्यावर खुणा केलेल्या वाटा आहेत हा मोठा फरक वाटला.

गडवेडा_संदीप
खुणांच्या बाबतीत त्यांना मानलं पाहिजे. पिवळी पाटी म्हणजे साधी वाट. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट, पायाखाली लक्ष हवं, बूट हवेत. पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अनुभव नसेल तर पाऊल टाकू नका. पाट्यांवर अंतर नसतं, वेळ असते, आणि ती न थांबता चालण्याची असते, आजी-आजोबा आणि फोटो धरून दीडपट करा. सह्याद्रीत दगडावर चुन्याचा बाण शोधत हिंडणाऱ्याला हे बघून हेवा वाटतो. आपल्याकडे दर पावसाळ्यात माणसं वाट चुकतात, तेव्हा दोर टांगायच्या आधी आपल्या गडांना अशा पाट्या हव्यात असं मला वाटतं.

काकडे_काका
रायगडला १९९६ पासून रोपवे आहे म्हणून माझी आई वयाच्या पंचाहत्तरीत महाराजांच्या समाधीपाशी जाऊन डोकं टेकवू शकली. पाट्या हव्यातच, पण दोरही हवा.

चकलीताई
रायगडावर वेगळा धागा काढा बुवा, नाहीतर मृण्मयी जुलैला निघतील आणि आपण इथे भांडत बसू :)

डॉ_अनघा
युंगफ्राउयोखबद्दल दोन शब्द. ३४५४ मीटरवर एकदम पोचल्यावर कित्येकांचं डोकं दुखतं, दम लागतो, घाईने जिना चढला की भोवळ येते. ठणठणीत माणसाला दोन तासांत सहसा काही गंभीर होत नाही, पण हृदयाचा किंवा फुप्फुसाचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच जावं. मॅन्लिखेन-शायडेगच्या उंचीवर हा प्रश्न सहसा येत नाही. मात्र ऊन फसवं असतं, हवा गार म्हणून कळत नाही आणि संध्याकाळी नाक-कान भाजलेले असतात. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, आणि मुलाच्या कानांच्या पाळ्यांना पण लावा.

प्रसाद_बार्शी
मी थोडं उलट लिहितो. युंगफ्राउयोखला एवढं हलक्यात काढू नका. आयगर आणि म्योंखच्या पोटातून बोगदा खणून १९१२ ला तिथे रेल्वे पोचवली, त्या काळात, हातोडे-सुरुंगांनी, सोळा वर्षं काम चाललं. वर गेल्यावर आलेच हिमनदी दिसते, आल्प्समधली सगळ्यात लांब, वीस किलोमीटरहून जास्त. माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा बर्फ हातात घेतला तो तिथे, आणि गावाकडे आजही ती तेच सांगते. ज्यांना पुन्हा यायला मिळणार नाही त्यांनी काय सोडायचं हे आपण ठरवू नये. आई-बाबांना विचारा त्यांना काय हवंय.

मृण्मयी_के
प्रसाद, बरोबर बोललात. आज फोनवर विचारलं. बाबा म्हणाले बर्फ मी मनालीला बघितलाय, मला तिथल्या गाई बघायच्यात :) आई म्हणाली जिथे निवांत बसता येईल तिथे ने. तर कौल माचीकडे गेला!

रानवारा
गाई भरपूर बघायला मिळतील, गळ्यात एवढ्या मोठ्या घंटा, आणि त्यांचा आवाज पार पलीकडच्या उतारावरून येतो. उन्हाळ्यात गुरं वर चरायला नेतात आणि तिथेच चीज करतात. पण वासरू सोबत असलेल्या गाईपासून लांब राहा, कुरवाळायला जाऊ नका, वाटेवर आडवी बसली असेल तर वळसा घाला. आपल्याकडे गाय म्हटलं की लगेच पाया पडायला जातो, तिथल्या कुरणातल्या गाईला ते माहीत नसतं.
आणि एक शिट्टी ऐकू आली तर मुलाला सांगा दगडांकडे बघ, मार्मोट असतो. खारीच्या कुळातलाच, मांजराहून मोठा, धोका दिसला की शिट्टी मारून बिळात.

मीनल_नाशिक
हवामानाचं कोणी लिहिलं नाही अजून. आम्ही गेलो तेव्हा पहिल्या दिवशी इंटरलाकेनला ढग होते म्हणून लोक हॉटेलात बसून राहिले आणि वर चक्क लख्ख ऊन होतं, ढग पायाखाली. हे उलटही होतं. म्हणून सकाळी उठल्यावर आधी वेबकॅम बघा, मॅन्लिखेन, शायडेग, फर्स्ट (ग्रिंडेलवाल्डच्या वरचं ठिकाण) सगळीकडचे थेट दिसतात. तिकीट आधीपासून काढून ठेवू नका, दिवस लवचिक ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट होऊन पाऊस येतो, त्यामुळे पहिल्या गाड्यांनी वर जायचं आणि दुपारी दोन-तीनपर्यंत चालणं संपवायचं. वीज चमकायला लागली की दोरगाड्या बंद ठेवतात, मग सगळा लोंढा रेल्वेकडे वळतो.

सुगरण_रेवती
आणि आमच्यासारखे मे महिन्याच्या सुट्टीत जाणारे?

रानवारा
हा प्रश्न महत्त्वाचा, कारण आपली बहुतेक मराठी कुटुंबं शाळेच्या सुट्टीमुळे मे मध्येच येतात आणि फोटो मात्र जुलैचे बघून येतात. मे मध्ये दोन हजार मीटरच्या वर वाटांवर बर्फ असतो, पॅनोरमा वाट साधारण जूनमध्ये मोकळी होते. शिवाय एप्रिल-मे मध्ये आणि परत नोव्हेंबरात बऱ्याच दोरगाड्या देखभालीसाठी बंद असतात. संकेतस्थळावर तारीख बघितल्याशिवाय बेत करू नका.
पण मे वाया जात नाही. दरीच्या तळाशी लाउटरब्रुनेन ते श्टेखेलबर्ग अशी सपाट वाट आहे, कुरणं फुलांनी भरलेली आणि बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे पूर्ण जोरात. वाटेत ट्र्युमेलबाख, हा डोंगराच्या पोटात दडलेला धबधबा, आयगर-म्योंख-युंगफ्राउच्या हिमनद्यांचं पाणी तिथून खाली येतं, सेकंदाला वीस हजार लिटरपर्यंत. आत लिफ्ट आहे, मग ओल्या पायऱ्या. आवाजाने कातळ थरथरतो असं पायाला जाणवतं. रेनकोट घाला.

दोरवाला
श्टेखेलबर्गला गेलात तर तिथून म्युरेनला जाणारी नवी केबलकार बघाच, २०२४ च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, चढ १५९.४ टक्के, जगातली सगळ्यात तीव्र. कड्याला जवळजवळ चिकटून वर जाते. जवळच्या गिमेलवाल्ड गावाला साध्या गाडीने जायचा रस्ताच नाही, सामान-माणसं दोरावरूनच येतात-जातात. आपल्याला ती सहल वाटते पण तिथल्या माणसांची ती एसटी आहे, हे बघताना लक्षात राहतं.

गडवेडा_संदीप
हे मला माहीत नव्हतं. गावाची गरज असेल तर माझं काही म्हणणं नाही.

प्रसाद_बार्शी
पैशांचं कोणी सांगा, खिशाला आग लागते तिथे.

चकलीताई
हाफ फेअर कार्ड घ्या, रेल्वे आणि बहुतेक दोरगाड्यांना अर्धं भाडं. स्विस ट्रॅव्हल पास असेल तर वेंगेन, ग्रिंडेलवाल्ड, म्युरेनपर्यंत त्यातच जाता येतं आणि तिथून वर जायला सवलत मिळते. सहा ते सोळा वयाच्या मुलाला फॅमिली कार्ड मागून घ्या, आई किंवा वडिलांबरोबर त्याचं तिकीट वाचतं. तुम्ही किती फिरणार त्यावर कुठलं परवडेल ते ठरतं, घरी कागदावर एकदा बेरीज करा, तिथे खिडकीपाशी रांगेत उभं राहून ते सुचत नाही.

मृण्मयी_के
तर आता असं ठरतंय: सकाळी वेंगेन, केबलकारने मॅन्लिखेन, गाय-घसरगुंडी, पॅनोरमा वाट, शायडेगला जेवण. पुढे परत कसं यायचं ते समजत नाहीये. आयगर एक्सप्रेसने खाली यायचं तर आयगरग्लेचरला जावं लागेल ना?

रानवारा
हो. शायडेगहून आयगरग्लेचर २३२० मीटरवर आहे, म्हणजे अडीचशे-पावणेतीनशे मीटर चढ, तासभर. वाटेत फाल्बोडनचं तळं, वारा नसेल तर पाण्यात डोंगर उलटे दिसतात. आई-बाबांनी शायडेगहून एक स्टेशन रेल्वेने जावं, तुम्ही तिघं चढून या, वर भेटा. मग सगळे मिळून १५ मिनिटांत आयगरच्या भिंतीसमोरून खाली टर्मिनलला, तिथेच रेल्वे लागून आहे, इंटरलाकेनला परत.

गडवेडा_संदीप
बघा, शेवटी मी म्हणालो तेच झालं, धडधाकटांनी पायी आणि वर भेट :)
बाबांसाठी एक सांगतो. चालायच्या काठ्या दोन घ्या, एक नको. उतारावर काठ्या थोड्या लांब करायच्या, आधी काठी टेकवायची मग पाय, पावलं छोटी, गुडघा जरा वाकलेला. तिरकं-नागमोडी उतरायचं. वाट बेताची आहे तरी दोन तासांत गुडघ्यावर भार येतोच. आणि जमलं तर नवऱ्याला आयगर ट्रेलवर सोडा, आयगरग्लेचरहून अल्पिग्लेनपर्यंत साधारण सहा किलोमीटर, दोन तास, थेट उत्तर भिंतीच्या पायथ्याने. १८०० मीटरची ती भिंत चार जणांनी मिळून १९३८ ला पहिल्यांदा सर केली. तिच्या मुळाशी उभं राहून मान वर केली की आपण कुठल्या गोष्टीसमोर उभे आहोत ते कळतं.

मृण्मयी_के
नवरा इथेच बाजूला बसून वाचतोय आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झालाय :) आयगर ट्रेल नक्की.

डॉ_अनघा
तो उतार सातशे मीटरचा आहे, बाबांना त्या वाटेवर नेऊ नका. अल्पिग्लेनला रेल्वे थांबते, तिथून तो खाली येईल. शेवटच्या गाडीची वेळ सकाळीच बघून ठेवा, दोरगाड्या संध्याकाळी लवकर बंद होतात.

इरा_आणि_पिलू
धागा अगदी वेळेवर सापडला. आम्ही सप्टेंबरमध्ये चाललोय, दोन वर्षांची मुलगी आणि बाबागाडी सोबत. यातलं काय जमेल?

रानवारा
दरीच्या तळाची श्टेखेलबर्गची वाट बाबागाडीला उत्तम. ट्र्युमेलबाखला चार वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत, तिथे दोघांनी आळीपाळीने जा. गोंडोलात बाबागाडी जाते. मॅन्लिखेनच्या गाईपाशी ती दोन वर्षांची पण रमेल, वरच्या वाटेसाठी मात्र पाठीवरची झोळी घ्या.